गाडी बांधणारा मिस्त्री कायद्याला कधी दिसणार?

दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रात तोच फोटो येतो. रस्त्यावर ओळीनं मांडलेले शेकडो सायलेन्सर, त्यांच्यावरून जाणारा रोडरोलर आणि बाजूला समाधानानं उभे असलेले वाहतूक पोलीस. कधी नागपूर, कधी पुणे, एवढाच फरक. या फोटोबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रात्री साडेबाराला गल्लीतून फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटवाल्याची बाजू घ्यायची माझी मुळीच इच्छा नाही. आवाजासाठी स्वतंत्र नियम आहेत, १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि हल्लीच्या गाड्यांत सायलेन्सर बदलला की धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्याच्याबरोबर भंगारात जातो. रोडरोलर खुशाल चालवा.

माझा विषय दुसरा माणूस आहे. जुनी सीआय, म्हणजे बिडाच्या (कास्ट आयर्न) इंजिनाची बुलेट घेऊन ती नुसत्या चौकटीपर्यंत उघडी करणारा, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकत ठोकत त्यातून टाकीचा गोलवा काढणारा, मागचा मडगार्ड चाकापासून बोटभर अंतरावर बसावा म्हणून दिवसभर वॉशर घालून-काढून पाहणारा. त्याला कुणी बिल्डर म्हणतं, कुणी कस्टमवाला, बहुतेक जण नुसतं मिस्त्री म्हणतात. त्याच्याकडे लेथवरचं काम येतं, वेल्डिंग येतं, वायरिंग येतं, रंगकाम येतं. तो एका वेळी एकच गाडी बांधतो आणि तशी दुसरी कधी बांधत नाही. आपल्या कायद्याच्या लेखी हा माणूस एक तर नाहीच, किंवा असलाच तर गुन्ह्यातला साथीदार आहे.

हा धंदा माणसाला कुठवर नेऊ शकतो याचं चांगलं उदाहरण म्हणजे आर्लेन नेस. १९३९ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मूरहेड गावी जन्म, वाढले कॅलिफोर्नियात. पोटासाठी लोकांचं फर्निचर हलवायचं काम करत. बोलिंग बरं खेळत आणि त्यात थोडे पैसे मिळत. त्या पैशांतून त्यांनी १९४७ सालची एक जुनी हार्ले ‘नकलहेड’ ३०० डॉलरना घेतली. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे तीच गाडी ते पुन्हा पुन्हा सोडवत, बदलत आणि रंगवत राहिले. लोक थांबून बघू लागले, मग आमचीही रंगवून द्या म्हणू लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन लिआंड्रोमध्ये दुकान निघालं. पुढे बुगाटी मोटारीच्या वळणावरून त्यांनी ‘स्मूथ-नेस’ बांधली. ती पाहिल्यावर, हातानं ठोकलेल्या पत्र्याला शिल्प का म्हणत नाहीत असा प्रश्न मला तरी पडतो. व्हिक्टरी या अमेरिकन कंपनीनं त्यांच्या नावाची मॉडेलं विकली. मुलगा आणि नातू याच कामात आले. मार्च २०१९ मध्ये ते वारले, तेव्हा फर्निचर उचलणारा तो माणूस एका अख्ख्या उद्योगाचा आजोबा झालेला होता.

या गोष्टीत आपल्याकडे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही अशी एक बाब आहे. नेस यांचा संसार त्या अफलातून गाड्यांवर चालला नाही. त्यांच्या दुकानातला पहिला खपाचा माल होता एका विशिष्ट वळणाचा हँडलबार. मग आणखी सुटे भाग आले, मग कॅटलॉग आला, मग टपालानं देशभर मालाची रवानगी. शेकडो तास खाणारी एकेक गाडी म्हणजे जाहिरात, आणि भाकरी मिळायची ती हँडलबारवर. जगभर या धंद्याचं गणित असंच आहे. गिऱ्हाईक तो भाग राजरोस गाडीला लावू शकतं, तोवरच हे गणित सुटतं.

आता आपल्याकडचं पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात मुळात एक वाट होती. मालकानं परिवहन कार्यालयाला कळवायचं, मंजुरी घ्यायची आणि बदल करायचा. २००० सालच्या दुरुस्तीनं ती वाट बुजवली. आता नोंदणीच्या पुस्तकातला तपशील निर्मात्यानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात १८२-अ कलम आलं. परवानगी नसलेला भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

प्रत्येक बदलामागे, हे शब्द नीट वाचा. टाकी, हँडल, मडगार्ड, मागचं चाक, सीट. हौसेनं बांधलेल्या गाडीत एवढे बदल तर सहज होतात.

न्यायालयाचं मी चुकीचं म्हणत नाही. समोर ठेवलेल्या कलमाचा तोच अर्थ निघतो. प्रश्न कलमाचा आहे. बंदी घातल्यावर गाड्या बदलायच्या थांबल्या का? पुण्यात नाना पेठेत एक चक्कर मारा. दिल्लीच्या करोल बागेतून आलेले हँडल, इंडिकेटर, रुंद टायर, सगळं दुकानाबाहेर टांगलेलं आहे. विकणाऱ्याला कुणी विचारत नाही, बसवणाऱ्याचं नाव कुठे लागत नाही. सापडतो तो चौकात अडवलेला मालक, तोही मोबाइलवर फोटो काढून चलान फाडण्यापुरता. दंड भरून गाडी तशीच पुढे जाते. एखादं वेल्डिंग कच्चं असेल तर दंडाच्या पावतीनं ते पक्कं होत नाही. आणि अपघात झाला की विमा कंपनीला नुकसानभरपाई नाकारायला आयतं कारण मिळतं. सुरक्षिततेसाठी केलेल्या कायद्यानं सुरक्षितता तपासायची जागाच शिल्लक ठेवलेली नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची गोष्ट अनेकांना आठवत असेल. हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं दुचाकीचं इंजिन आणि भंगारातले सुटे भाग वापरून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून चालू व्हायची. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याबरोबर हेही लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नसल्यानं आज ना उद्या अधिकारी ती बंद पाडतील. त्या जीपच्या बदल्यात त्यांनी त्याला नवीकोरी बोलेरो देऊ केली, आणि महिन्याभरात ती दिलीही. मोठ्या मनानं केलेलं काम होतं, त्यात शंका नाही. पण पुढे काय झालं तेही बघा. गाडी बनवणाऱ्याच्या हाती कारखान्यात बनलेली गाडी आली आणि त्यानं बनवलेली गाडी प्रदर्शनाची वस्तू झाली. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. त्या माणसाला दुसरी जीप बनवून विकता येईल का, हे मात्र कुणी विचारलं नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, हे आपण याच महाराष्ट्रात शाळेत मुलांना अभिमानानं शिकवतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. दुचाकीची चौकट कापणं हा पोरखेळ नव्हे. चॉपर बांधायची म्हणजे पुढचे फोर्क लांब करायचे आणि ज्या नळीत हँडल फिरतं तिचा कल वाढवायचा. नेहमीच्या गाडीत हा कल साधारण २५ ते २८ अंशांचा असतो, चॉपरमध्ये तो ३५ च्याही पुढे जातो. कल वाढला की गाडी सरळ रस्त्यावर रेल्वेसारखी धरून चालते, पण गल्लीत वळवताना हँडल एका बाजूला कोसळायला बघतं आणि खांदे भरून येतात. त्यासाठी चौकटीचा गळा कापून नव्या कोनात पुन्हा जोडावा लागतो. ब्रेक दाबला की सगळा भार याच जोडावर येतो. चांगला मिस्त्री तिथे आतून पोलादी तुकडा घालतो, दोन्ही कडांना उतार देऊन पक्क्या जिगमध्ये, म्हणजे साच्यात, चौकट आवळतो, टिग या बारीक वेल्डिंगनं हळूहळू टाके घेतो आणि प्रत्येक टाक्यानंतर कोन मोजतो, कारण तापलेलं लोखंड आपल्याच मर्जीनं ओढलं जातं. वाईट मिस्त्री साध्या वेल्डिंगनं थर चढवतो आणि वर पुट्टी मारून रंग देतो. रंग दिल्यावर दोन्ही गाड्या एकसारख्या दिसतात. एक आयुष्यभर चालेल, दुसरी कधी मोडेल याचा नेम नाही.

आणखी एक बारकावा सांगतो. बऱ्याच गाड्यांचा चेसिस नंबर नेमका याच गळ्यावर ठोकलेला असतो. म्हणजे प्रामाणिकपणे काम करणाऱ्यालाही ते करताना गाडीच्या ओळखीला हात लावावा लागतो, आणि पोलिसांच्या नजरेत चोरीची गाडी आणि हौसेची गाडी यांतला फरक तिथेच पुसला जातो. हल्लीच्या गाड्यांत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे, चाकाशी त्याचे सेन्सर आहेत. चाक बदललं आणि सेन्सरची कडी बरोबर बसली नाही, तर ऐन वेळी ब्रेक दगा देतील. तेव्हा ‘आमची गाडी, आमची मर्जी’ हे म्हणणं मला मान्य नाही. तो जोड सुटला तर समोरून येणारा सायकलवालाही मरतो.

पण मग या चांगल्या आणि वाईट मिस्त्रीतला फरक शोधायचा कुणी? आज कुणीच शोधत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीनं दोघेही सारखेच दोषी आहेत. उलट चांगल्याचंच नुकसान जास्त. त्याचं काम महाग, त्याला वेळ लागतो, आणि एवढं करून गाडीला कागद मिळणार नाहीतच, मग गिऱ्हाईक स्वस्तातल्याकडे का जाणार नाही?

ज्यांच्या रस्त्यांवर आपल्यापेक्षा कडक शिस्त आहे, त्या देशांनी हा फरक शोधायची सोय केली आहे. जर्मनीत बदल केलेली गाडी टीयूव्हीसारख्या संस्थेच्या अभियंत्यासमोर न्यावी लागते. तो तपासतो, आणि पटलं तर तो बदल गाडीच्या कागदांत चढतो. नाही पटलं तर गाडी रस्त्यावर येत नाही. ब्रिटनमध्ये एकेकट्या दुचाकीला मंजुरी द्यायची स्वतंत्र चाचणी आहे. बदललेली गाडी जुनीच मानायची की नवी, यासाठी तिथे वर्षानुवर्षं गुणांची पद्धत वापरली गेली. जुनी ओळख टिकवायला किमान ८ गुण लागत आणि त्यातले ५ एकट्या मूळ चौकटीला असत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २००४ मध्ये दुचाकींच्या धुराचे नियम कडक केले, तेव्हाही स्वतःसाठी किट जोडून गाडी बांधणाऱ्याला आयुष्यात एकदा सूट ठेवली आणि प्रदर्शनासाठी बांधणाऱ्या व्यावसायिकाला वर्षाला २४ गाड्यांपर्यंत. आकडा छोटा आहे, आणि तो मुद्दामच छोटा ठेवलेला आहे. हजारोंनी गाड्या काढणारा कारखाना वेगळा आणि वर्षाला मोजक्या गाड्या बांधणारा माणूस वेगळा, हे त्या नियमानं ओळखलं.

आपल्याकडे हा फरकच नाही. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर करून घ्यावा लागतो. तिथला खर्च हजारो गाड्यांवर वाटला जाईल असं गृहीत धरलेलं आहे. एकच गाडी बांधणाऱ्यानं तिथे जायचं म्हटलं तर चाचण्यांचा खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी वर जाईल. दार उघडं आहे, पण हत्तीच्या मापाचा उंबरा ओलांडता येईल त्यालाच.

याचा परिणाम काय होतो ते गोव्याच्या एका उदाहरणावरून कळेल. गोव्यात बुलेटी छाटून, उंच हँडल लावून, मागची सीट उडवून बॉबर करायची हौस जुनी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डनं गोव्यातच ‘गोअन क्लासिक ३५०’ बाजारात आणली. उंच हँडल, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, अधांतरी वाटणारी एकट्याची सीट. गाडी देखणी आहे आणि सगळ्या चाचण्या पार करूनच आली आहे, कंपनीला दोष द्यायचं काही कारण नाही. पण ज्या गॅरेजांतून ही तऱ्हा आली तिथल्या मिस्त्रीनं तेच काम केलं तर ते बेकायदा, आणि त्याच्या गावाचं नाव लावून शोरूममध्ये विकलं तर कायदेशीर. चाचणी झाली म्हणून फरक पडतो, हे मान्य. मग मिस्त्रीच्या गाडीचीही चाचणी घ्या, एवढंच मागणं आहे.

मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्यासारख्या काहींनी या धंद्यात नाव कमावलं, सिनेनटांच्या गाड्या बांधल्या. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांचं आयुष्य कसं जातं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दिसेल. आयटीआयमधून वेल्डर, टर्नर नाहीतर दुचाकी मेकॅनिक होऊन पोरगा बाहेर पडतो. हात चांगला असतो. एखाद्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षं काढतो. मग स्वतःचा गाळा घ्यायची वेळ येते आणि तिथे गाडं अडतं. बँकेला व्यवसायाचं नाव काय सांगायचं? ज्या कामात तो खरा वाकबगार आहे ते कर्जाच्या अर्जात लिहिताच येत नाही. बिलावर ‘दुचाकी दुरुस्ती’ लिहायचं आणि पाच महिने राबून बांधलेल्या गाडीवर आपलं नाव कोरायचं नाही, कारण ते नाव उद्या पुरावा ठरेल. चित्रकार सही करतो, सुतार खुर्चीखाली छाप मारतो, याला मात्र निनावीच राहावं लागतं.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक गाडी तपासायला माणसं कुठून आणणार? परिवहन कार्यालयातला अनुभव सगळ्यांना आहे. नवी परवानगी म्हणजे एजंटाची नवी खिडकी. ही भीती खरी आहे आणि ती मलाही वाटते. पण असा मार्ग आपण आधीच इतरांसाठी काढलेला आहे. बस घ्या. कंपनी चेसिस देते, वरची बॉडी दुसराच कारागीर बांधतो. त्याच्यासाठी बस बॉडी कोड, म्हणजे बसची बॉडी कशी बांधावी याची नियमावली आहे. भोसरीच्या सीआयआरटीसारखी संस्था कार्यशाळा तपासून त्याला मान्यता देते, आणि चाळीस-पन्नास प्रवासी विश्वासानं त्या बसमध्ये बसतात. म्हणजे कारखान्याबाहेरचा माणूस वाहन बांधू शकतो, हे तत्त्व आपल्या कायद्याला अमान्य नाही. जुन्या गाड्यांचंही तेच. २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी खास नोंदणी आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, वेगळी नंबरप्लेट, आणि रोजच्या वापराला मनाई. थोड्या लोकांची हौस, तिला मर्यादा घालून दिलेली जागा. श्रीमंतांच्या व्हिंटेज मोटारीसाठी जे सुचलं ते मिस्त्रीच्या बॉबरसाठी का सुचू नये? आणि अपंगांच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवून देतो तो कोण? तोच कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा ‘अनुकूलित’ वाहनाला कायद्यात स्थान दिलं. तिथे तर काम झाल्यानंतर मंजुरी घेण्याची मुभा आहे.

म्हणून मागणं मोजकं ठेवावं. बांधणाऱ्याला परवाना द्या. तो देताना कागदापेक्षा त्याचा हात तपासा, एक जोड वेल्ड करायला लावा आणि तो कापून बघा. त्याला वर्षाला ठरावीक गाड्यांची मर्यादा घाला. प्रत्येक गाडीची ब्रेक, दिवे, आवाज आणि धूर यांची चाचणी एआरएआय किंवा तत्सम केंद्रात सवलतीच्या दरात व्हावी, आरटीओच्या आवारात नको. पास झालेल्या गाडीच्या नोंदणीत बांधणाऱ्याचं नाव यावं आणि जोड सुटला तर पहिली नोटीस त्यालाच जावी. मूळ चौकटीला हात न लावलेल्या गाड्यांपासून सुरुवात करा, गळा कापायचं काम दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन मग बघू. आवाजाच्या मर्यादेत एका डेसिबलचीही सूट नको.

यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागणार नाही. ज्या ५२ व्या कलमानं वाट अडवली, त्याच कलमाच्या परंतुकात विशिष्ट कारणासाठी वेगळ्या प्रकारच्या बदलांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. पर्यावरणाच्या कारणानं पेट्रोलच्या गाडीला गॅसचं किंवा बॅटरीचं किट बसवायची सोय याच कलमाच्या चौकटीत झाली आणि मंजूर किट बसवलेल्या गाड्या आज रस्त्यावर धावताहेत. एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था पुण्यात आहेत, गाड्या बांधणारे हातही इथे आहेत. राज्याच्या परिवहन खात्यानं या दोन संस्थांना बरोबर घेऊन, मर्यादित गाड्यांच्या प्रायोगिक योजनेचा प्रस्ताव दिल्लीला धाडावा. सूट मंजूर झाली तर एका अधिसूचनेवर काम सुरू होईल. नाकारली गेली तर निदान नकाराचं कारण लेखी मिळेल, आणि मग त्या कारणावर भांडता येईल.